गाठीचा नमुना चुकला आणि चार महिने वाया गेले



दर उन्हाळ्यात माती परीक्षणाच्या पिशव्या घेऊन मी तुमच्या बांधावर येतो. नमुना कसा घ्यायचा हे सांगून सांगून माझी जीभ झिजली आहे. झाडाखालची माती घेऊ नका. शेणखताच्या ढिगाजवळची घेऊ नका. खताच्या रिकाम्या गोणीत भरू नका. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर लोखंडी खुरपं आणि लोखंडी घमेलं लांब ठेवा, नाहीतर लोहाचा आकडा खोटा येतो. प्रयोगशाळा कितीही चांगली असो, नमुनाच चुकला तर अहवाल चुकणारच. गेली दहा-बारा वर्षं मी हेच सांगत आलो.

आणि माझ्याच घरात नमुना चुकला. मातीचा नव्हे, माणसाचा. तो नमुना मी स्वतःच्या हातानं नेऊन दिला होता. म्हणून आज खत-पाण्याचा विषय बाजूला ठेवून हा लेख लिहितो आहे.

हरभऱ्याएवढी गाठ

दोन वर्षांपूर्वी उन्हाळी कांद्याची काढणी चालू होती. थोरल्या वहिनींच्या मानेवर डाव्या बाजूला हरभऱ्याएवढी गाठ आली. दुखत नव्हती, लालही नव्हती. कुणी म्हणालं, अवधाण आलं असेल, आपोआप जाईल. कुणी लेप सांगितला. महिनाभरात गाठ सुपारीएवढी झाली आणि तिच्या शेजारी दुसरी आली. संध्याकाळी अंगात कणकण असायची, जेवण कमी झालं होतं. पण कामाच्या धबडग्यात बाईमाणसाच्या कणकणीकडे कोण बघतो?

गावातल्या डॉक्टरांनी आठवडाभर गोळ्या दिल्या. फरक पडला नाही. मग बेडका तपासला. त्यात काही निघालं नाही. ‘बेडका निर्मळ आहे म्हणजे टीबी नाही,’ असं आम्ही घरच्यांनीच ठरवून टाकलं आणि निर्धास्त झालो. इथेच पहिली चूक झाली. टीबी मानेच्या गाठीत असेल तर तो बेडक्यात कसा दिसेल? खालच्या वावरातली माती तपासायची आणि निदान वरच्या वावराचं करायचं, तसलाच हा प्रकार.

गंडमाळ म्हणजे टीबीच

आपल्या जुन्या माणसांना हा आजार ‘गंडमाळ’ म्हणून माहीत होता. मानेभोवती माळेसारख्या गाठी येतात म्हणून ते नाव. युरोपात तर राजानं हात लावला की ही व्याधी बरी होते असा समज होता आणि इंग्लंड-फ्रान्सच्या राजांपुढे रोग्यांच्या रांगा लागत. २४ मार्च १८८२ रोजी जर्मनीत बर्लिन इथे रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधल्याचं जाहीर केलं. फुप्फुसाचा क्षय आणि मानेची गंडमाळ या दोन्हींच्या मुळाशी एकच जंतू आहे, ही गोष्ट त्यानंतर पक्की झाली.

आपल्या अंगात मान, काख, जांघ अशा ठिकाणी लसिकाग्रंथी असतात. शरीरात शिरलेला जंतू अडवणं हे त्यांचं काम. टीबीचा जंतू तिथे अडकतो, मरत नाही, आणि ग्रंथी फुगते. फुप्फुसाबाहेरच्या टीबीत आपल्या देशात सर्वात जास्त आढळतो तो हाच गाठींचा टीबी. खोकला नसतो, बेडका नसतो, म्हणून तो उशिरा कळतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. टीबी फक्त गाठीत असेल, फुप्फुसात नसेल, तर तो माणूस दुसऱ्याला टीबी देत नाही. त्याचं ताट-वाटी वेगळी करू नका, सोयरिकी मोडू नका. मात्र फुप्फुसात काही नाही ना, हे छातीचा एक्स-रे काढून आणि बेडका तपासून बघावं लागतं. घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी करून घ्यावी लागते, कारण त्या माणसाला जंतू कुठून तरी मिळालेला असतो.

सुईची तपासणी

गाठीचं निदान गाठीतूनच होतं. पहिली पायरी सुईची. डॉक्टर तिला एफएनएसी म्हणतात. इंजेक्शनच्या सुईसारखी बारीक सुई गाठीत घालून आतल्या पेशी ओढून घेतात. भूल लागत नाही, टाके पडत नाहीत, पाच-दहा मिनिटांचं काम. सुई मारली की गाठ पसरते, ही भीती मनातून काढून टाका.

सुईतून आलेला थेंब काचपट्टीवर पसरतात, रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. टीबी असेल तर पेशींचे खास पुंजके दिसतात. त्यांना ग्रॅन्युलोमा म्हणतात. मधला भाग मेलेला असतो. दूध नासल्यावर चोथा होतो, तसाच तो दिसतो. दुसऱ्या पट्टीला जंतूंचा रंग देतात. जंतू असलाच तर निळ्या पार्श्वभूमीवर तांबड्या काडीसारखा दिसतो.

पण तो दिसेलच असं नाही. सूक्ष्मदर्शकात एखादा तरी जंतू सापडायला नमुन्याच्या एका मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. गाठीत ते फार थोडे असतात. त्यामुळे ‘पेशी टीबीसारख्या, जंतू दिसले नाहीत’ असा अहवाल पुष्कळांचा येतो. वहिनींचाही तसाच आला.

इथे दुसरी चूक झाली. सुईत उरलेला अंश सलाईनच्या पाण्यात धुऊन सीबीनॅट तपासणीला पाठवता आला असता. सीबीनॅट म्हणजे जंतूची जनुकं ओळखणारं यंत्र. मिलिलिटरमागे सव्वाशेच्या आसपास जंतू असले तरी ते पकडतं, आणि साधारण दोन तासांत दोन उत्तरं देतं. पहिलं, टीबीचा जंतू आहे की नाही. दुसरं, रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला तो दाद देईल की नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० साली या तपासणीला मान्यता दिली आणि २०१३ साली गाठीच्या नमुन्यांसाठीही तिची शिफारस केली. याच जातीचं ट्रुनॅट हे यंत्र आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीनं तयार केलं आहे. सुईतून पू आला तर तो फेकून देऊ नये. पुवात जंतू सापडायची शक्यता जास्त असते.

आमच्या बाबतीत सीबीनॅटचं कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

एकच तुकडा, एकच बाटली

मग शहरातल्या एका दवाखान्यात वहिनींची गाठ शस्त्रक्रिया करून काढली. तासाभरानं एक छोटी बाटली माझ्या हातात दिली. ‘एवढी लॅबमध्ये पोहोचवा.’ बाटलीत पाण्यासारखं औषध आणि त्यात गाठीचा तुकडा. मी ती खिशात घातली, मोटारसायकलला किक मारली आणि पंधरा मिनिटांत लॅबच्या खिडकीत नेऊन दिली. बाटलीत काय आहे, कशासाठी आहे, दुसरी बाटली कुठे आहे, यातलं एकही अक्षर मी विचारलं नाही.

त्या बाटलीत फॉर्मालिन होतं. फॉर्मालिन वाईट नव्हे. तुकडा कुजू नये, पेशींची ठेवण जशीच्या तशी राहावी, यासाठी ते लागतंच. कर्करोग आहे का, टीबीसारखे पुंजके आहेत का, हे फॉर्मालिनमधल्या तुकड्यावरूनच नीट कळतं. पण फॉर्मालिननं टीबीचा जंतू मरतो आणि त्याची जनुकंही खराब होतात. मेलेलं बी जसं रुजत नाही, तसा मेलेला जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही. म्हणून तुकड्याचे दोन भाग करायचे असतात. एक फॉर्मालिनमध्ये, पेशी बघायला. दुसरा साध्या निर्जंतुक सलाईनमध्ये, जंतू शोधायला. सलाईनचा भाग थंड ठेवून लवकर पोहोचवायचा.

बघा, हे आपल्या मातीसारखंच आहे. नत्र-स्फुरद-पालाशसाठी लोखंडी अवजार चालतं, लोह-जस्तासाठी चालत नाही. शेत एकच, पण तपासणी बदलली की नमुना घ्यायची रीत बदलते. मी हे शेकडो शेतकऱ्यांना शिकवलं आणि स्वतःच्या वहिनींच्या वेळी विसरलो.

अहवाल आला : ‘टीबीशी जुळणारे बदल.’ नेहमीच्या गोळ्या सुरू झाल्या.

औषध दाद देईना

टीबीचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. वहिनींनी एकही गोळी चुकवली नाही. पण चौथ्या महिन्यात उजव्या बाजूला नवी गाठ आली आणि ताप पुन्हा सुरू झाला.

इथे वाचकांनी घाबरू नये म्हणून सांगतो. उपचार चालू असताना गाठ थोडी फुगणं, एखादी नवी दिसणं, असं काही जणांत होतं. जंतू मरत असताना शरीराची प्रतिक्रिया म्हणून ते घडतं. अशा वेळी गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत. पण ते तसंच आहे की जंतू औषधाला दाद देत नाही, हे अंदाजानं ठरत नाही. त्यासाठी पुन्हा नमुना लागतो.

आम्ही जिल्हा क्षयरोग केंद्रात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी सगळे कागद बघितले आणि एकच प्रश्न विचारला, ‘काढलेल्या गाठीचा भाग सलाईनमध्ये पाठवला होता का?’ मी गप्प. नव्या गाठीतून त्यांनी सुईनं पू काढला आणि सीबीनॅटला लावला. त्याच दिवशी उत्तर आलं. जंतू आहे, आणि रिफाम्पिसिनला दाद न देणारा आहे.

बोंडअळीचं आपण बघतोच. तेच ते औषध वापरलं की अळी त्याला सरावते, आणि त्या सरावलेल्या अळीचे पतंग उडून शेजारच्या शेतात जातात. शेजाऱ्याची त्यात काही चूक नसते. जंतूचंही तसंच. मुळातच दाद न देणारा जंतू वहिनींना कुणाकडून तरी मिळाला होता. हे पहिल्याच दिवशी कळलं असतं, तर चार महिने निरुपयोगी गोळ्या पोटात गेल्या नसत्या.

त्याच पुवाचा दुसरा भाग कल्चरला पाठवला. कल्चर म्हणजे जंतू वाढवून बघणं. टीबीचा जंतू फार सावकाश वाढतो. जुलाबाचे काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, याला अठरा ते चोवीस तास लागतात. म्हणून कल्चरच्या अंतिम उत्तराला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. पण कोणती औषधं चालतील, कोणती नाहीत, याचा नीट हिशेब त्यातून मिळतो.

औषधं बदलली. दाखल करून रक्त आणि हृदयाचा आलेख तपासून ती सुरू केली. परत येताना एसटीत वहिनी एवढंच म्हणाल्या, ‘भाऊजी, तुम्ही साऱ्या गावाला माती कशी न्यायची ते शिकवता. माझी गाठ नेताना एवढं इचारलं न्हाई व्हय?’ त्यांनी रागानं विचारलं नव्हतं. पण मला उत्तर देता आलं नाही.

प्रत्येक गाठ टीबीची नसते

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. मानेला गाठ दिसली की ‘असेल टीबी’ म्हणून नमुना न घेताच गोळ्या सुरू करणं धोक्याचं आहे. किडलेला दात, डोक्यातलं गळू, घशाचा संसर्ग यांनीही गाठ येते. आपल्याकडे तंबाखू, गुटखा, मिश्री यांचं प्रमाण मोठं आहे. तोंडाचा किंवा घशाचा कर्करोग मानेच्या गाठीत उतरतो, तेव्हा तीही सुरुवातीला न दुखणारीच असते. लसिकाग्रंथींचा स्वतःचा कर्करोगही असतो. अशा माणसाला चार-सहा महिने टीबीच्या गोळ्या दिल्या तर खऱ्या आजाराची वेळ निघून जाते. फॉर्मालिनची बाटली लागते ती यासाठी. म्हणून दोन्ही बाटल्या हव्यात.

रक्ताच्या तपासणीवर गाठीचा टीबी ठरवू नका. रक्तातली प्रतिपिंडं बघून टीबी सांगणाऱ्या किटवर भारत सरकारनं २०१२ सालीच बंदी घातली आहे. हातावर टोचून बघायची मॉन्टूची तपासणी जंतू कधीतरी शरीरात शिरला होता एवढंच सांगते, आज आजार आहे की नाही ते सांगत नाही.

आणि कृपा करून गाठीला चिरा कुणाकडून मारून घेऊ नका. टीबीची गाठ अर्धवट फोडली की तिथे महिनोन्‌महिने वाहणारी जखम राहते. काढायचीच ठरली तर गाठ अख्खी काढतात, आणि तेही शस्त्रक्रियेच्या खोलीत.

गोठ्याकडेही लक्ष द्या

हे शेतीचं पान आहे, म्हणून गोठ्याविषयी दोन शब्द. गाई-म्हशींना होणाऱ्या टीबीचा जंतू माणसाच्या जंतूचा भाऊबंद आहे. कच्च्या दुधातून तो पोटात गेला की मानेच्या आणि पोटातल्या गाठींत बसतो. जनावरांचा क्षय माणसाला फारसा बाधत नाही, असं खुद्द कॉख यांनी १९०१ साली लंडनच्या परिषदेत सांगितलं होतं. ब्रिटिश सरकारनं नेमलेल्या आयोगानं दहा वर्षं अभ्यास करून १९११ साली ते चूक ठरवलं. दुधातून, विशेषतः लहान मुलांना, हा आजार होतो हे त्यात सिद्ध झालं.

आपल्याकडे गाठींत बहुतेक वेळा माणसाचाच जंतू सापडतो. तरीही धारोष्ण दूध पिण्याची हौस सोडा. दूध उकळूनच प्या, मुलांना तर उकळल्याशिवाय देऊच नका. घरात कुणाला गाठ असेल आणि गोठ्यात एखादं जनावर खंगत, खोकत असेल, तर दोन्ही गोष्टी डॉक्टरांना सांगा. साधं सीबीनॅट माणसाचा आणि जनावराचा जंतू वेगळा करून सांगत नाही, त्यासाठी पुढची तपासणी लागते. जनावराच्या जंतूला टीबीच्या नेहमीच्या चार औषधांपैकी पायराझिनामाइड हे औषध लागू पडत नाही. जनावराची तपासणी पशुवैद्यकीय अधिकारी मानेच्या कातडीत ट्युबरक्युलीन टोचून ७२ तासांनी सूज मोजून करतात.

दवाखान्यात विचारायचे प्रश्न

हे कात्रण कापून घरात ठेवा.

१. मान, काख किंवा जांघेतली गाठ दोन आठवड्यांत गेली नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम असेल तर तेही सांगा.

२. सुईची तपासणी होणार असेल तर विचारा : ‘डॉक्टरसाहेब, यातला थोडा भाग सीबीनॅटला जाईल ना?’

३. गाठ किंवा तुकडा काढणार असतील तर शस्त्रक्रियेच्या आधी विचारा : ‘दोन बाटल्या होतील ना? एक फॉर्मालिनची, एक सलाईनची?’ नंतर विचारून उपयोग नाही, तुकडा एकदा फॉर्मालिनमध्ये पडला की पडला.

४. बाटली तुमच्या हातात दिली तर तिच्यावर नाव, तारीख, गाठीची जागा आणि आतलं द्रव लिहिलंय का बघा. सलाईनची बाटली उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका. त्याच दिवशी पोहोचवा.

५. सीबीनॅट निगेटिव्ह आलं म्हणजे टीबी नाहीच, असं समजू नका. पेशींचा अहवाल, कल्चर आणि लक्षणं मिळून डॉक्टर ठरवतात.

६. पूर्वी टीबीच्या गोळ्या घेतल्या असतील, घरात कुणाला टीबी झाला असेल, किंवा आत्ताच कुठली प्रतिजैविकं घेतली असतील तर लपवू नका. काही प्रतिजैविकं टीबीचा जंतू तात्पुरता दाबून टाकतात आणि निदान लांबतं.

७. सगळे अहवाल आणि काचपट्ट्या जपून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांना त्याच पट्ट्या पुन्हा बघता येतात.

सरकारी केंद्रात सीबीनॅट आणि औषधं मोफत आहेत, खाजगी डॉक्टरांकडच्या रुग्णालाही मिळतात. २०१२ पासून खाजगी डॉक्टरांनी टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारकडे करणं बंधनकारक आहे. नोंद झाली की निक्षय पोषण योजनेतून उपचार संपेपर्यंत पैसे खात्यात जमा होतात. २०१८ साली महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. माहितीसाठी १८००-११-६६६६ हा मोफत दूरध्वनी आहे.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि आशाताईंना

टीबीमुक्त पंचायतीसाठी गावात हजार लोकसंख्येमागे किमान तीस संशयितांची तपासणी व्हावी लागते. ती बहुधा खोकणाऱ्यांच्या बेडक्यावरच पूर्ण केली जाते. गाठवाले त्यात सुटतात, आणि त्यातही बायका जास्त, कारण पदराखालची गाठ कुणाला दिसत नाही. घरोघरी फिरताना ‘खोकला आहे का?’ याच्या पाठोपाठ ‘मानेला, काखेत गाठ आहे का?’ एवढं विचारा. तालुक्याला जायला एकट्या बाईला सोबत लागत असेल तर ग्रामपंचायतीनं ती मिळवून द्यावी. आणि गाठीचा रुग्ण म्हणजे वाळीत टाकायचा माणूस नव्हे, हे ग्रामसभेत एकदा मोठ्यानं सांगावं.

वहिनींची शेवटची गोळी गेल्या दिवाळीत संपली. गाठी बसल्या, मानेवर वण तेवढा राहिला. या वर्षी कांद्याच्या लागवडीला त्या सगळ्यांच्या आधी वाफ्यात उतरल्या होत्या.

मी येत्या उन्हाळ्यात पुन्हा पिशव्या घेऊन येणारच आहे. पण तुमच्या घरात कुणाच्या मानेला न दुखणारी गाठ असेल तर माझी वाट बघू नका. याच आठवड्यात दाखवा, आणि दोन बाटल्यांचं विसरू नका.